चाकणचं लग्न

खेड,
ता. ४ सप्टेंबर १९५७

चि. ज्योतीराम यास सुभद्राताईचा ख्रिस्तात सलाम.

आम्ही सर्व सुखरूप असं लिहायची रीत आहे, पण मी सुखरूप नाही आणि त्याला कारण तू. मोशीची अंबुबाई काल बाजाराला आली होती. तिची लेक पिंपरीला दिली आहे, म्हणून ती अधूनमधून तुमच्या मंडळीत, पिंपरीच्या चर्चला, उपासनेला येते हे तुला माहीत आहे. ती मिरच्या निवडता निवडता म्हणाली, "बाई, तुमचा भाऊ ह्या ऐतवारी बी प्रभुभोजनाला उठला न्हाई. समदी भाकर-प्याला घ्याया पुढं जाऊन गुडघ्यावर बसली, आन ह्यो मागच्या बाकावर मान खाली घालून. ह्यो तिसरा महिना हाय."

तिसरा महिना! आणि मला बाजारात, मिरच्यांच्या ढिगापाशी कळावं? मी हसून म्हटलं, पोटात दुखत असेल. त्यावर ती म्हणते, "तीन महिनं?"

आता खरं सांग. दारूला लागलास का? कारखान्याच्या गेटाबाहेर काय काय मिळतं ते मला ऐकून ठाऊक आहे. का कुणी बाई आहे? तुझी बायको जाऊन दोन वर्षं झाली, माणूस आहेस, मी समजू शकते. पण तसं असेल तर मला लिही, मी चांगल्या घरातली बघते. का कुणाच्या नादानं भैरोबाला नारळ फोडून आलास? कुठंतरी पाणी मुरतंय एवढं नक्की. आई गेली तेव्हा तू पाच वर्षांचा होतास. तुला मी वाढवलं, अक्षर शिकवलं, वचनं पाठ करून घेतली. खेडच्या मंडळीत माझी जागा पहिल्या बाकावर आहे. तिथं बसून लोकांचं कुजबुजणं ऐकायची माझी तयारी नाही.

मी बुधवार-शुक्रवार तुझ्यासाठी उपास धरायला सुरुवात केली आहे. गुडघे दुखतात तरी जमिनीवरच प्रार्थना करते.

उलट टपाली उत्तर दे.

तुझी ताई

०

पिंपरी,
ता. ११ सप्टेंबर १९५७

ती. ताईस ज्योतीरामाचा सलाम.

दारू नाही. नारळ नाही. तू म्हणतेस तशी बाईही नाही. अंबुबाईला सांग, प्रार्थनेच्या वेळी डोळे मिटले तर मागच्या बाकावर कोण बसलंय ते दिसत नाही.

माझ्या हातून एका माणसाचं वाईट झालं आहे. ते मी विसरलो होतो, किंवा विसरलोय असं धरून चाललो होतो. आता ते माणूस रोज समोर दिसतं. अर्पण घेऊन वेदीपाशी गेलास आणि तिथं आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर. हे तूच मला सातव्या वर्षी घोकायला लावलं होतंस. चुकलो की वेताच्या छडीनं हातावर मारायचीस. मग आता मी तेवढं केलं तर तुला राग का येतो?

उपास सोड. तुझं वय बावन्न आहे.

यशवंताचं पत्र आलं का? झाशीला फार थंडी पडते म्हणतात.

ज्योतीराम

०

खेड,
ता. १८ सप्टेंबर १९५७

चि. ज्योतीरामास सलाम.

यशवंताचं पत्र नाही. माझा मुलगा लष्करात कारकून झाला, पण कागद त्याला आईसाठी मिळत नाही. सहा वर्षांत सहा पत्रं, तीही नाताळची, त्यात हवापाण्याखेरीज काही नाही. ते जाऊ दे.

"एका माणसाचं वाईट झालं" असं तू गोलगोल लिहिलंस. मी गोल लिहिणाऱ्यांतली नाही, म्हणून सरळ विचारते. ती छबू ना?

दचकलास? अंबुबाईच्या लेकीनं पाहिलं. तुमच्या औषधाच्या कारखान्यात बाटल्या धुण्याच्या खात्यात बायका घेतल्या आहेत, त्यांत ती जूनपासून लागली आहे. पाळी सुटल्यावर तू आणि ती गेटापाशी उभे राहून बोलत होता. एकदा नाही, चार वेळा. ती रडत होती असंही ती पोरगी म्हणाली. आणि जूनमध्ये ती आली, जुलैपासून तू प्रभुभोजन सोडलंस. माझे केस शाळेत हिशेब घालून पांढरे झाले आहेत, मला एवढं जुळवता येतं.

ज्योतीराम, ती बाई आपल्या घराला सोडणार नाही. आधी माझा यशवंत, आता तू. तिला सूड घ्यायचा आहे. सहा वर्षांपूर्वी जे झालं ते देवाच्या इच्छेनं झालं. ते उकरू नकोस. झाकली मूठ सव्वा लाखाची.

ताई

०

पिंपरी,
ता. २९ सप्टेंबर १९५७

ती. ताईस सलाम.

तू सरळ विचारलंस, मी सरळ लिहितो. हे पत्र अंबुबाईसमोर फोडू नकोस.

होय, छबूच. जून महिन्यात एका दुपारी मी बाटल्यांचे खोके घेऊन धुण्याच्या खात्यात गेलो, तर ती समोर. हात कोपरापर्यंत ओले. मला वाटलं शिव्या देईल. तिनं "सलाम मामा" म्हटलं. यशवंताचा मामा म्हणून ती तेव्हाही मला मामाच म्हणायची. मग शांतपणे म्हणाली, "मामा, सहा वर्षं विचारीन म्हणत होते. चाकणला माझं लग्न कुणाशी लागलं होतं? त्याचं नाव तरी सांगा. मला अजून कळलं नाही."

ताई, माझ्या हातातला खोका खाली ठेवायचं मला भान राहिलं नाही.

आता आपण दोघांनी काय केलं ते एकदा कागदावर येऊ दे. यशवंताचं आणि छबूचं लग्न ठरलं होतं. मुलं एकमेकांना पसंत, पाळकसाहेबांना पसंत. उपासनेत दोन रविवार लग्नाची सूचना वाचून झाली. तिसऱ्या रविवारी पाळकसाहेबांनी रीतीप्रमाणे विचारलं, या विवाहाला कुणाची हरकत असेल तर आता बोलावं. आणि मी उठलो. मी म्हणालो, ही मुलगी आठ वर्षांची असताना चाकणला तिचं लग्न लागलंय, मी ते स्वतः पाहिलंय. लहानपणी मी चाकणला कांद्याच्या अडतीवर होतो, म्हणून ते माझ्या तोंडी शोभलं. मी काहीही पाहिलं नव्हतं. आदल्या शनिवारी तू मला म्हणालीस, असं उठ आणि असं बोल. मी विचारलं, खरं आहे का? तू म्हणालीस, मी तुला वाढवलं ना, मग विचारतोस काय. मी विचारायचं थांबलो. इथं माझं पाप आहे, तुझं नाही.

तुला ती मुलगी का नको होती ते आपण दोघंही जाणतो, कधी बोललो नाही. बाप्तिस्म्याआधी आपले आजोबा गावकुसाबाहेर एका अंगाला राहायचे, छबूचे आजोबा ओढ्याच्या दुसऱ्या अंगाला. ख्रिस्तात आपण सगळे एक, हे तू वर्गात फळ्यावर लिहायचीस. सून आणायची वेळ आली आणि तो ओढा मध्ये आला.

आता तिचं पुन्हा ठरतंय. कोल्हापूरकडचा हिंदुराव म्हणून आहे, बॉयलरवर काम करतो, भला माणूस. इथल्या पाळकसाहेबांनी खेडच्या मंडळीकडून तिचा दाखला मागवला. दाखल्यावर शेरा आला: पूर्वविवाहाची हरकत नोंदलेली आहे, निकाल झालेला नाही. ती हरकत मंडळीपुढं मागं घेतल्याशिवाय इथं सूचना वाचता येत नाही. हिंदुरावाची आई म्हणते नाताळपर्यंत थांबते, मग दुसरी बघते. म्हणून छबू गेटापाशी रडत होती.

मी हरकत मागं घेणार आहे. त्याआधी प्याल्याला हात लावणार नाही.

ज्योतीराम

०

खेड,
ता. ७ ऑक्टोबर १९५७

ज्योतीराम यास,

तुझं पत्र वाचलं आणि चुलीत घातलं. असली पत्रं लिहू नकोस.

हिंदुराव! ख्रिस्ती माणसाचं नाव हिंदुराव? मला तर असा कुणी माणूस आहे की नाही याचीच शंका येते. का तो बॉयलरवाला म्हणजे तूच? दुसऱ्याच्या लग्नासाठी कुणी इतका जीव टाकतं का? खरं असेल ते बोल.

आणि समजा असला हिंदुराव. मग त्यांनी कोर्टात नोंदणी करून लग्न करावं. सरकारनं सोय केली आहे. मंडळीचा दाखला कशाला पाहिजे?

तुझ्या मनाला टोचणी असेल तर त्यालाही मार्ग आहेत. पाळकसाहेबांना एकट्यात भेट, ते प्रार्थना करतील, देव दयाळू आहे. मी तुझ्या वतीनं चाळीस दिवसांचा उपास धरायला तयार आहे, एक वेळ पेजेवर राहीन. प्रभुभोजनाच्या मेजासाठी मी नवीन कापड भरायला घेतलं आहे, चारी बाजूंनी द्राक्षांचे वेल, मध्ये क्रूस. डोळे फुटेपर्यंत शिवतेय. ते तुझ्या नावानं अर्पण करू. सगळी मंडळी बघेल. एवढं केल्यावर देव तरी आणखी काय मागणार आहे?

तू उठलास तर पहिला प्रश्न विचारतील, तुला हे शिकवलं कुणी. मग? यशवंताच्या कानावर गेलं तर? त्याला अजून वाटतं की छबूच्या घरच्यांनी आपल्याला फसवलं. त्याला खरं कळलं तर नाताळचं पत्रसुद्धा बंद होईल. मला एकच मुलगा आहे. तुला लेकरू नाही, तुला हे कळायचं नाही.

ताई

०

पिंपरी,
ता. २० ऑक्टोबर १९५७

ती. ताईस सलाम.

लेकरू नाही हे खरं. तू लिहिलंस ते लागलं, पण त्यावर भांडत नाही.

हिंदुराव खरा आहे. त्याच्या उजव्या हातावर वाफेनं भाजल्याचा डाग आहे, आणि तो भजन म्हणायला लागला की शेजारच्या बराकीतले सिंधी निर्वासित खिडक्या लावून घेतात. लग्नाला ये, स्वतः बघ. कोर्टात नोंदणी करा असं मी त्यांना सुचवलं होतं. छबू म्हणाली, "मामा, माझं नाव मंडळीत गेलं, ते मंडळीतच परत मिळू दे."

कापडाचं म्हणशील तर ताई, कापड चांगलंच असणार, तुझ्या हातची शिवण मला माहीत आहे. पण देवानं आपल्याकडं कापड मागितलेलं नाही. त्यानं एकच गोष्ट सांगितली होती, शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नकोस. ती आपण मोडली आणि मग सहा वर्षं त्याला दुसरंच काहीतरी देत बसलो. मीही कमी नाही. प्रत्येक कापणीच्या सणाला पहिली टोपली माझी असायची, आणि लोक म्हणायचे, ज्योतीराम मोठा भाविक. मनी नाही भाव, देवा मला पाव, अशी गत.

मी ३ नोव्हेंबरच्या रविवारी खेडला येतोय. जिथं खोटं बोललो तिथंच उभा राहीन. तुझं नाव माझ्या तोंडून निघणार नाही, हा शब्द देतो. पण कुणी विचारलं तर खोटंही बोलणार नाही. गप्प बसेन.

मी तुझ्याकडं उतरत नाही. दुपारच्या एसटीनं परत फिरेन, म्हणजे तुला कुणाला तोंड द्यावं लागणार नाही.

ज्योतीराम

०

खेड,
ता. ६ नोव्हेंबर १९५७

ज्योतीराम यास सलाम.

आभार मानायला लिहितेय असं समजू नकोस. तू गेल्यावर काय झालं ते तुला कळायला हवं म्हणून लिहिते.

तू म्हणालास, मी सहा वर्षांपूर्वी खोटी साक्ष दिली, चाकणला मी कुणाचं लग्न पाहिलं नाही. पाळकसाहेबांनी विचारलं, मग तुला हे कुणी सांगितलं? तू गप्प. दुसऱ्यांदा विचारलं. तू गप्प. मी पहिल्या बाकावर होते. तुझ्याकडं वळून पाहिलंही नाही. समोरच्या मेजावर माझं नवं कापड अंथरलेलं होतं, मी त्यातले वेल मोजत होते.

तू निघून गेलास. मग प्रभुभोजन झालं. मी सगळ्यांत आधी उठले, गुडघे टेकले, भाकर घेतली, प्याला घेतला. नेहमीसारखाच.

बाहेर आल्यावर अंबुबाईनं माझा हात धरला. ती मुद्दाम मोशीहून आली होती. "असला भाऊ पदरात पडला, बाई. किती सोसता तुमी." आणि मी मान हलवली, ज्योतीराम. मी मान हलवली.

दुपारी पंच बसले. त्यांनी तुझी माघार नोंदवून घेतलेली नाही. दत्तोबा पंच म्हणाले, हा माणूस आधी पाहिलं म्हणतो, आता पाहिलं नाही म्हणतो, याचा कोणता शब्द धरायचा? आणि कुणी शिकवलं ते सांगत नाही, म्हणजे कुणी शिकवलंच नसणार. मग एकानं काढलं की हा त्या बाईच्या नादी लागलाय, तिच्यासाठीच ही पलटी आहे. गेटापाशी दोघं दिसतात म्हणे. सगळ्यांनी माना डोलवल्या.

ते नादाचं त्यांच्या डोक्यात कुठून आलं हे विचारू नकोस. लेकीनं गेटापाशी नुसतं पाहिलं होतं; त्यावरून तुझ्यावरचा संशय सप्टेंबरात मीच अंबुबाईपाशी बोलून दाखवला. रागात बोलले. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही हे मला माहीत असताना बोलले.

तुला वर्षभर प्रभुभोजनाची बंदी केली आहे. छबूच्या दाखल्यावरचा शेरा आहे तसाच आहे.

ताई

०

पिंपरी,
ता. १२ नोव्हेंबर १९५७

ती. ताईस सलाम.

बंदीचं काही वाटत नाही. मी तसाही मागच्या बाकावरच होतो.

छबूला मीच सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे आता तुमच्या खऱ्यालाही कुणी विचारत नाही." हसली. मला ते रडण्यापेक्षा वाईट वाटलं. आता इथंही कुजबूज सुरू झाली आहे. हिंदुराव परवा माझ्याकडं आला, बसला, चहा प्यायला, आणि शेवटी विचारलं, "ज्योतीरामभाऊ, तसं काही नाही ना?" भला माणूस तो, विचारून मोकळा झाला. त्याची आई विचारत नाही, नुसती बघते.

ताई, माझा शब्द खर्च झाला. आता या कामाचा एकच शब्द उरला आहे आणि तो कुणाकडं आहे ते तुला ठाऊक आहे. पण मी तुला उठ म्हणणार नाही. तू मला उठ म्हणालीस म्हणून मी एकदा उठलो होतो. तसल्या उठण्याचं काय होतं ते आपण पाहतोच आहोत.

गुडघ्यांना तीळतेल लाव.

ज्योतीराम

०

(पोस्टकार्ड)
खेड, ता. १९ नोव्हेंबर

पत्र पोचलं. गुडघे तसेच. उपास सोडला. हिंदुरावाच्या आईला पंधरा दिवस थांबायला सांग. का ते विचारू नकोस, मला स्वतःचाच भरवसा नाही.

सु.

०

खेड,
ता. १६ डिसेंबर १९५७

चि. ज्योतीरामास ताईचा सलाम.

काल तुमच्याकडं छबूच्या लग्नाची तिसरी सूचना वाचून झाली आणि कुणी हरकत घेतली नाही, असा निरोप मिळाला. बरं झालं. पण खेडला काय घडलं ते तुला अंबुबाईकडूनच कळलं असणार, म्हणजे तिखटमीठ लावून. आता माझ्याकडून ऐक.

पोस्टकार्ड टाकलं तेव्हा मी ठरवलं होतं की १ डिसेंबरला, प्रभुभोजनाच्या दिवशी उठायचं. काय बोलायचं ते पाठ केलं. पाठ करताना मला दिसायला लागलं की बायका पदर डोळ्यांना लावताहेत, पाळकसाहेब म्हणताहेत, धन्य आहे सुभद्राबाईंची. आणि मला बरं वाटलं रे! तेव्हा माझी मीच चपापले. म्हटलं, सटवे, हेही तुझं भरतकामच आहे. सगळ्या जगावर संशय घेत आले, पण स्वतःवर घ्यायचा तो पहिल्यांदा घेतला.

म्हणून मधलाच एक साधा रविवार धरला, २४ तारखेचा. भजनाला पेटी वाजवणारा आला नव्हता, निम्मी माणसं शेतावर होती. फक्त पंच सगळे होते, ते मी आधी पाहून घेतलं. मंडळीच्या सूचना वाचून संपल्यावर उठले. पाठ केलेलं एक अक्षर आठवलं नाही. म्हणाले, "ज्योतीरामाला मी शिकवलं. चाकणचं लग्न मी बनवलं. पोरीत काही खोट नव्हती. मला ओढ्यापलीकडची सून नको होती."

बस, एवढंच. 

धन्य वगैरे कुणी म्हणालं नाही. दत्तोबा पंचांनी विचारलं, "बाई, भावाला वाचवायला तर बोलत नाही ना?" बघ, आपल्या घराण्याच्या शब्दाला किती किंमत उरली आहे! मग मी त्यांना तो शनिवार, तू कुठं बसला होतास, मी काय म्हणाले, सगळं सांगितलं, तेव्हा पटलं. माघार नोंदली, शेरा खोडला, पाळकसाहेबांनी दुसऱ्याच दिवशी नवा दाखला तुमच्याकडं टाकला. मला दोन वर्षांची बंदी झाली, तुझी सहा महिन्यांवर आणली. रविवारच्या शाळेतली मुलंही माझ्याकडून काढून घेतली. ते मात्र फार लागलं. घरी येऊन रडले. त्या दिवशीही मोशीहून आलेली अंबुबाई माझ्या बाकावरून उठून तिसऱ्या बाकावर गेली. जाताना म्हणाली, "तुमी बी, बाई?"

त्याच संध्याकाळी यशवंताला लिहिलं. सगळं. लिहिताना वाटत होतं, मी माझ्या हातानं माझा मुलगा पोस्टाच्या पेटीत टाकतेय. तीन आठवडे पोस्टमनची वाट पाहिली. परवा उत्तर आलं. छोटंच आहे, जसंच्या तसं उतरवते.

"आई, मला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मामा खोटं बोलताना उजव्या हातानं कान चोळतो, तो त्या दिवशी कान चोळत होता. संध्याकाळी छबूच्या वडिलांनी शपथेवर सांगितलं तेव्हा खात्रीच झाली. मी घरी आलो तर तू गुडघ्यावर होतीस, माझ्यासाठी प्रार्थना करत होतीस. प्रार्थना करणाऱ्या आईला खोटी कसं म्हणू? म्हणून नोकरी धरून निघून आलो. लोक म्हणाले, कसा आज्ञाधारक मुलगा. सहा वर्षं वाट पाहिली की तू कधी बोलशील. पण आई, त्या रविवारी पाळकसाहेबांनी शेवटी माझ्याकडंच बघून विचारलं होतं, यशवंत, तुला काही बोलायचंय का? मी नाही म्हणालो. आता मी कुठल्या मंडळीपुढं उभा राहू ते तूच सांग."

ज्योतीराम, तो मला सोडून जाईल म्हणून मी सहा वर्षं गप्प राहिले, आणि मी गप्प राहिले म्हणूनच तो गेला होता.

आता एक तुझ्यापासून लपवलेलं सांगते. २८ नोव्हेंबरला मी पिंपरीला येऊन गेले. तू पहिल्या पाळीला होतास. अंबुबाईच्या लेकीनंच खोली दाखवली. छबू दारात उभी राहिली, मी ओट्यावर उभी राहूनच बोलले. तिनं ऐकून घेतलं, सगळं ऐकून घेतलं. मग "ऐकलं" म्हणाली आणि दार लावलं. बस म्हणाली नाही, पाणी विचारलं नाही. एसटीत मला आधी राग आला, मग चाकण येईपर्यंत तोही गेला. तिनं बरोबर केलं.

यशवंताला कालच उत्तर टाकलं. लिहिलं की मंडळीपुढं नको, छबूपुढं उभा राहा. लग्न होऊन जाऊ दे, मग रजा काढून ये. नवऱ्याच्या देखत बोल, थोडक्यात बोल, रडू नकोस. आणि तिनं पाणी विचारावं अशी अपेक्षा ठेवून जाऊ नकोस, मलाही मिळालं नाही.

तुझी ताई